हवामानाच्या अंदाजात जमिनीचाही हिशेब हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हवामानाचा अंदाज चुकला की आपल्याकडे चर्चा होते ती उपग्रह, रडार आणि महासंगणक यांची. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ २६ मे २०२५ रोजी कार्यान्वित झाली, तेव्हाही बातम्यांतून सर्वांत ठळकपणे पुढे आला तो सहा किलोमीटरचा आकडा. अंदाज काढणारे संगणकीय मॉडेल पृथ्वीचा पृष्ठभाग चौकटींत विभागून प्रत्येक चौकटीचा हिशेब करते; त्याआधीचे जागतिक मॉडेल १२ किलोमीटरच्या चौकटींत काम करत होते. आता चौकटीची लांबी निम्म्यावर आली. ही कामगिरी मोठी आहे आणि ती आपल्याच शास्त्रज्ञांनी करून दाखवली याचा मनापासून आनंद आहे. परंतु चौकट लहान झाल्याने तिच्या तळाशी असलेली जमीन मॉडेलला आपोआप कळू लागते असे नाही. त्या जमिनीवर ऊस उभा आहे की नांगरून टाकलेले रान आहे, माती वीतभर आहे की पुरुषभर खोल, कालव्याला आवर्तन सुटले आहे की नाही, ही माहिती मॉडेलला कोणीतरी पुरवावी लागते. आणि ती पुरवण्याच्या कामाकडे आपल्या राज्यात पुरेसे लक्ष दिले जात नाही, हे मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. निवृत्तीपर्यंत मी मृदाविज्ञान शिकवले आणि त्या ओघात प्रादेशिक हवामान मॉडेल चालवणाऱ्या विद्यार्थ्यांबरोबर बरेच काम केले, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

जमिनीचा हवेशी संबंध किती घट्ट आहे, हे एका साध्या हिशेबातून दिसते. मे महिन्यात महाराष्ट्रात निरभ्र दिवशी एका चौरस मीटरवर दिवसभरात साधारण अडीच कोटी ज्यूल सौरऊर्जा पोहोचते. एक मिलिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरमागे एक लिटर, आणि त्याची वाफ होण्यासाठी सुमारे २५ लाख ज्यूल लागतात. भिजवलेल्या उसाच्या फडातून या दिवसांत पाच मिलिमीटर पाणी सहज उडून जाते, म्हणजे आलेल्या ऊर्जेच्या जवळपास निम्मी ऊर्जा केवळ बाष्पीभवनात खर्च होते. बांधापलीकडच्या कोरड्या रानात पाणीच नसल्यामुळे तेवढी ऊर्जा माती तापवण्यात आणि त्या मातीवरची हवा तापवण्यात जाते. म्हणून दुपारी तीनच्या सुमारास उसावरची हवा तुलनेने थंड, दमट आणि उथळ राहते, तर कोरड्या रानावरची हवा तापून तीन किलोमीटर किंवा त्याहूनही उंचीपर्यंत घुसळली जाते. शेजारीशेजारी असलेल्या अशा दोन पट्ट्यांमध्ये वारा निर्माण होतो, आणि वळवाचा ढग कोठे उभा राहील हे ठरवण्यात या वाऱ्याचा वाटा असतो. मॉडेलमध्ये हे दोन्ही पट्टे ‘शेतजमीन’ या एकाच नावाखाली, एकाच ओलाव्यासह नोंदले गेले, तर हा फरक त्या मॉडेलपुरता अस्तित्वातच राहत नाही.

याला शास्त्रीय आधार भक्कम आहे. २००४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात रँडल कॉस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डझनभर मॉडेलांची तुलना प्रसिद्ध केली होती. जमिनीतील ओलाव्याचा पावसावर सर्वाधिक परिणाम जगात कोठे होतो, हा त्यांचा प्रश्न होता. आणि उत्तरात उत्तर अमेरिकेची मध्यवर्ती मैदाने व आफ्रिकेतील साहेल यांच्या जोडीला भारताचे नाव आले. पुढे २०१२ मध्ये ख्रिस्तोफर टेलर आणि सहकाऱ्यांनी उपग्रहांच्या नोंदींवरून दाखवले की दुपारचा पाऊस आजूबाजूपेक्षा कोरड्या असलेल्या जमिनीवर अधिक वेळा पडतो. वरवर पाहता ही गोष्ट उलटी वाटते, पण कोरड्या पट्ट्यावर हवा अधिक उंच चढते आणि शेजारच्या ओल्या पट्ट्याकडून तिला बाष्प मिळते, हे लक्षात घेतले की तिचा उलगडा होतो. म्हणजे जमीन सरासरीने किती ओली आहे एवढे ठाऊक असणे पुरत नाही. ओले कोठे आणि कोरडे कोठे, हेही ठाऊक असावे लागते. भारतापुरते बोलायचे तर कृष्ण ओसुरी, उमाचरण मोहंती, देव नियोगी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की मॉडेल सुरू करताना मातीचा ओलावा आणि मातीचे तापमान बारकाईने दिले, तर तीव्र गडगडाटी वादळांचे अंदाज सुधारतात. याच गटातील संशोधकांनी भारतीय मान्सून क्षेत्रासाठी चार किलोमीटर चौकटीतील मातीच्या ओलाव्याच्या व तापमानाच्या नोंदी तयार करून २०१८ मध्ये सर्वांसाठी खुल्या केल्या. इतके काम झालेले असताना राज्यपातळीवरील हवामानविषयक चर्चेत माती हा शब्दही क्वचितच ऐकू येतो, याचे वाईट वाटते.

आता मॉडेलमधली जमीन कशी असते ते सांगतो. प्रादेशिक अंदाजांसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या डब्ल्यूआरएफ या मॉडेलबरोबर बहुतेक वेळा ‘नोआ’ नावाचे जमिनीचे उपमॉडेल जोडले जाते. त्यात जमीन चार थरांची मानलेली असते. पहिला थर दहा सेंटिमीटरचा, त्याखाली तीस, मग साठ आणि सर्वांत खाली शंभर सेंटिमीटरचा, अशी एकूण दोन मीटर माती. ही दोन मीटर माती सगळीकडे असते. सोलापूर जिल्ह्यातील माळावर असते, माण-खटावच्या उतारावर असते आणि गोदावरीकाठच्या गाळाच्या जमिनीतही असते. दख्खनचे पठार पायी फिरलेल्या कोणालाही विचारावे. माळावरच्या हलक्या जमिनीत कुदळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या घावाला मुरूम लागतो आणि त्याखाली काळा पाषाण असतो. अशा जमिनीत साठणारे पाणी पावसाने आठ-दहा दिवस दडी मारताच संपते, पिके माना टाकतात आणि त्यानंतर उन्हाची सारी ऊर्जा हवा तापवू लागते. मॉडेलच्या कल्पनेतल्या दोन मीटर मातीत मात्र अजून भरपूर पाणी शिल्लक असते, त्यामुळे त्याच्या हिशेबात बाष्पीभवन चालूच राहते आणि दुपारचे तापमान प्रत्यक्षाहून कमी व दमटपणा प्रत्यक्षाहून जास्त निघतो. पावसाच्या खंडात शेतकऱ्याला अंदाजाची सर्वाधिक गरज असते, आणि नेमकी तेव्हाच ही चूक वाढत जाते.

मातीची खोली सोडून तिच्या पोताकडे वळलो तरी अडचण आहेच. कोणती माती किती पाणी धरते आणि किती वेगाने सोडते, याचे आकडे मॉडेलमधील एका तक्त्यात दिलेले असतात. त्या तक्त्यातील मूल्यांचा मोठा आधार म्हणजे कॉस्बी आणि सहकाऱ्यांचा १९८४ चा अभ्यास, आणि तो अमेरिकेतील मातीच्या नमुन्यांवर केलेला आहे. आपली काळी कसदार जमीन त्या तक्त्यात ‘चिकणमाती’ या सर्वसाधारण वर्गात जाऊन बसते. ही माती वेगळी आहे. मे महिन्यात परभणी-लातूरकडच्या भारी जमिनीत पडलेल्या भेगेत हात घातला तर तो कोपरापर्यंत आत जातो. वरची ढेकळे उन्हाने भाजून निघालेली असतात, पण बोटांना खाली किंचित गारवा लागतो. पहिला वळीव पडला की पाणी त्या भेगांतून थेट खाली उतरते. वरची माती दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरडी दिसते, तर हातभर खाली मात्र ओल गेलेली असते. पुढच्या पावसांत हीच माती फुगते, भेगा मिटतात, आणि तीच जमीन पाणी आत घ्यायला इतकी नाखूश होते की शिवारात पाणी उभे राहते. एकाच जमिनीचे हे दोन स्वभाव पंधरा दिवसांच्या अंतराने दिसतात. नोआसारख्या उपमॉडेलमध्ये भेगा नसतात. तिथे पाणी वरच्या थरातून खालच्या थरात ठरलेल्या वेगाने झिरपते. वाफसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, कधी येईल हे आपल्या शेतकऱ्याला पायाखालच्या मातीवरून कळते, मॉडेलला ते कळण्यासाठी त्याची समीकरणे या मातीला जुळवून घ्यावी लागतील. त्यासाठी लागणारे मातीचे सर्वेक्षण दुसरीकडून आणण्याचीही गरज नाही. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन संस्थेचे मुख्यालय नागपुरातच आहे आणि महाराष्ट्राच्या मातीचे तपशीलवार नकाशे या संस्थेने अनेक वर्षांपूर्वीच तयार केलेले आहेत.

भू-वापराच्या नकाशाची कथाही अशीच आहे. डब्ल्यूआरएफबरोबर दीर्घकाळ मिळत आलेला चोवीस वर्गांचा अमेरिकी भू-वापर नकाशा एप्रिल १९९२ ते मार्च १९९३ या काळातील उपग्रह-चित्रांवरून तयार झाला आहे. त्या वर्षी मगरपट्ट्यात ऊस उभा होता आणि हिंजवडी हे शेतीचे गाव होते. त्यानंतर आलेले नकाशे पुष्कळ अद्ययावत आहेत, आणि देशातील प्रमुख संस्थांनी इस्रोच्या उपग्रहांवरून केलेले भू-वापर नकाशे आपल्या मॉडेलांत बसवण्याचे कामही केले आहे, हे नमूद करायलाच हवे. तरीही जे मॉडेल संगणकावर उतरवून घेतले तसेच चालवले जाते, त्यात कोणता नकाशा आहे हे पाहण्याची सवय आपल्याकडे कमी आहे. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने पुणे परिसरातील अवकाळी पावसावर केलेले काम तपासताना मी मॉडेलचा भू-वापर नकाशा पडद्यावर उघडायला सांगितला, तेव्हा मुळा-मुठेच्या संगमाभोवती शहराचा लहानसा ठिपका आणि त्याभोवती सगळीकडे शेती, असे चित्र समोर आले. वातावरणाची समीकरणे, ढगांची समीकरणे, सारे काही नवे होते. शहर मात्र तीस वर्षांपूर्वीचे होते.

धरणांच्या जलाशयांबाबत तर याहून विचित्र गोष्ट घडते. प्रादेशिक मॉडेलला पाण्याच्या पृष्ठभागाचे तापमान दिले जाते ते मुख्यतः समुद्राच्या नोंदींवरून. ज्या चौकटीत पाणी आहे पण समुद्राची नोंद नाही, तिथे वेगळी काळजी घेतली नाही तर जवळच्या समुद्राचे तापमान ओढून आणले जाते. म्हणजे उजनीच्या किंवा जायकवाडीच्या पाण्याला अरबी समुद्राचे तापमान चिकटते. डिसेंबरच्या पहाटे पठारावरचा उथळ जलाशय आणि कोकण किनाऱ्याचा समुद्र यांच्या पाण्यात बराच फरक असतो, आणि त्यावरून धुके कोठे धरेल व काठावरच्या गावांत किमान तापमान किती उतरेल याचे गणित बिघडते. यावर उपाय उपलब्ध आहे, तो मॉडेलच्या सूचनापुस्तिकेतही दिलेला असतो, पण मुद्दाम करावा लागतो.

सिंचनाचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो आपल्या राज्याच्या भूगोलाशी थेट जोडलेला आहे. राज्यात अलीकडच्या वर्षांत दहा लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर ऊस उभा असतो, आणि त्याला उन्हाळ्यात कालव्याचे किंवा विहिरी-कूपनलिकांचे पाणी मिळते. सर्वसाधारण मॉडेलमध्ये पाणी जमिनीला फक्त पावसातून मिळते. त्यामुळे एप्रिलमध्ये कोल्हापूर-सांगलीपासून अहिल्यानगरपर्यंतचा बागायती पट्टा मॉडेलला हळूहळू वाळत चाललेला दिसतो. याउलट दुष्काळी वर्षी दुसरी चूक होते. झाडोऱ्याची हिरवाई किती, हे अनेक मॉडेलांत पूर्वीच्या अनेक वर्षांच्या मासिक सरासरीवरून ठरते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले, त्या वर्षीही अशा मॉडेलच्या दृष्टीने लातूरची हिरवाई सरासरीइतकीच होती. मुंबईच्या आयआयटीतील सुबिमल घोष आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तर पाणी कोणत्या पद्धतीने दिले जाते, यावरही मॉडेलमधील मान्सूनचा पाऊस आणि अतिवृष्टी अवलंबून असल्याचे दिसले. भातखाचरात पाणी उभे ठेवणे आणि मोजके पाणी देणे या दोहोंनी हवेत जाणारे बाष्प वेगळे होते, हे कोणत्याही शेतकऱ्याला पटेल. ते समीकरणांत आले तरच अंदाजात उतरेल.

शहरांचा विषय निघाला की २६ जुलै २००५ ची आठवण अपरिहार्य आहे. सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच वेळी कुलाब्यात ७३ मिलिमीटर. एकाच शहरातील ही दोन टोके आहेत, आणि त्या वेळच्या मॉडेलांना इतका पाऊस दिसला नव्हता. हा सारा दोष जमिनीच्या चित्रणाचा होता असे मी म्हणत नाही. ढगांची सूक्ष्म प्रक्रिया, सुरुवातीच्या नोंदींची उणीव, विरळ चौकट, अशी अनेक कारणे होती. पण त्यानंतर मुंबईवर झालेल्या कामातून, विशेषतः सुपंथा पॉल, सुबिमल घोष आणि सहकाऱ्यांच्या २०१८ च्या अभ्यासातून, हे स्पष्ट झाले की इमारती, डांबर आणि काँक्रीट यांचे वेगळे चित्रण मॉडेलमध्ये केले तर अतिवृष्टीची तीव्रता आणि शहरातल्या शहरात तिच्यात पडणारा फरक, दोन्ही बदलतात. डॉप्लर रडार येऊ घातलेला ढग दाखवते. तो ढग पुढच्या दोन-तीन तासांत कोणत्या उपनगरावर थबकेल, हे सांगायला मात्र मॉडेलला शहर ठाऊक असावे लागते.

पुण्यात हाच परिणाम हिवाळ्यात पाहायला मिळतो. निरभ्र, वारा पडलेल्या पहाटे पाषाण किंवा हवेली आणि मगरपट्टा यांच्या किमान तापमानात पाच-सहा अंशांचा फरक पडतो, हे आपल्या वाचकांना रोजच्या तक्त्यावरून माहीत आहे. मोबाइलवरचे अॅप मात्र संपूर्ण पुण्यासाठी एकच आकडा देते. या प्रश्नाशी भारतीय शास्त्रज्ञांचे जुने नाते आहे. कृषी हवामानशास्त्राचे भारतातील प्रणेते डॉ. एल. ए. रामदास यांनी आत्मनाथन यांच्यासह १९३२ मध्ये असे दाखवले की शांत, निरभ्र रात्री सर्वांत थंड हवा मातीला चिकटून नसते, ती जमिनीपासून काही सेंटिमीटर वर असते. त्या थराला आजही जगभर रामदास थर म्हणतात. आजच्या मॉडेलांत हवेचा सर्वांत खालचा थर साधारण वीस-तीस मीटर उंचीवर असतो, आणि आपण वाचतो ते दोन मीटर उंचीवरचे तापमान हे त्या थरातून व जमिनीच्या तापमानातून सूत्राने काढलेले असते. जमीन चुकली की हे तापमान चुकणारच. निफाड परिसरात पारा पाच अंशांखाली जातो तेव्हा द्राक्षबागायतदार रात्रीतून बागेला पाणी देतात आणि बांधावर धूर करतात. ओली माती उष्णता अधिक साठवते आणि ती वर पोहोचवतेही, या भौतिकशास्त्रावरच त्यांचा तो उपाय उभा आहे. मॉडेलने त्यांना आदल्या दुपारी बागेच्या पातळीवरचे किमान तापमान खात्रीने सांगावे, ही अपेक्षा अवाजवी नाही.

एक मर्यादा प्रामाणिकपणे सांगायला हवी. ऐन जुलैत मान्सूनचा जोर असतो तेव्हा कोकणातील आणि घाटमाथ्यावरील पाऊस प्रामुख्याने समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यावर आणि सह्याद्रीच्या उंचीवर ठरतो. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि घाटाखालच्या वाईला हजाराच्या आत, हा फरक डोंगर करतो. तिथे लहान चौकटीचा खरा फायदा आहे, कारण मोठ्या चौकटीत सह्याद्रीची धार बोथट होते. त्या दिवसांत मातीचा ओलावा थोडा चुकला तरी फार बिघडत नाही. जमिनीचे महत्त्व वाढते ते वळवाच्या दिवसांत, पेरणीच्या तोंडावर, पावसाच्या खंडात, उष्णतेच्या लाटेत, थंडीच्या पहाटे आणि बंगालच्या उपसागरातील कमी दाबाची क्षेत्रे जमिनीवरून आत सरकत असताना. या शेवटच्या बाबतीत किश्तवाल, नियोगी आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवले की वाटेवरची जमीन आधीच भिजलेली असेल तर मान्सूनचे कमी दाबाचे क्षेत्र अधिक आतपर्यंत टिकून राहते. सप्टेंबर २०२१ मध्ये गुलाब चक्रीवादळ २६ तारखेला पूर्व किनाऱ्यावर आदळले, त्याचे अवशेष तेलंगणातून मराठवाड्यात आले, मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले, आणि पुढे तीच प्रणाली अरबी समुद्रात उतरून शाहीन चक्रीवादळ झाली. तो सप्टेंबर मराठवाड्यात आधीपासूनच पावसाचा होता आणि शिवारे तुडुंब होती. अशा प्रणालीचा पाऊस कोणत्या खोऱ्यात किती पडेल याचा अंदाज करताना त्या ओल्या जमिनीची नोंद मॉडेलमध्ये नसेल, तर धरणातून पाणी सोडण्याचा निर्णय घेणाऱ्या अभियंत्याला आपण अपुरी माहिती देत असतो.

उपग्रह हे काम करतीलच, असे काही जण म्हणतात. उपग्रहांची मदत मोठी आहे, यात वाद नाही. जानेवारी २०१५ मध्ये सोडलेला नासाचा स्मॅप उपग्रह त्या वर्षापासून मातीचा ओलावा मोजतो आहे, पण त्याची दृष्टी वरच्या पाचेक सेंटिमीटरपर्यंतच पोहोचते आणि त्याच्या मूळ नोंदीची चौकट तालुक्याएवढी, सुमारे ३६ किलोमीटरची आहे. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेल्या इस्रो-नासाच्या निसार उपग्रहाकडून शेताच्या पातळीवरचा ओलावा कळण्याची आशा आहे. मात्र उपग्रहाने दिलेला आकडा आपल्या काळ्या मातीत, उसाच्या दाट पानांखाली कितपत खरा आहे, हे ठरवायला जमिनीत रोवलेले उपकरणच लागते. आणि मुळांच्या खोलीवरची ओल कोणत्याच उपग्रहाला थेट दिसत नाही.

म्हणून माझे म्हणणे राज्य शासनाच्या संबंधित विभागांकडे आणि कृषी विद्यापीठांकडे आहे. महावेध प्रकल्पात महसूल मंडळांत दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी आहेत. ती प्रामुख्याने पाऊस, तापमान, आर्द्रता आणि वारा यांची नोंद करतात. त्यांतील निवडक केंद्रांवर तीन-चार खोल्यांवर मातीचा ओलावा मोजणारी उपकरणे बसवावीत, आणि निवड करताना हलकी, मध्यम व भारी अशा तिन्ही प्रकारच्या जमिनी येतील हे पाहावे. ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर चालू असलेल्या ई-पीक पाहणीतून कोणत्या गावात कोणते पीक किती क्षेत्रावर उभे आहे, याची नोंद दर हंगामात जमा होते. शेतकऱ्यांची नावे आणि गट क्रमांक वगळून ही गावनिहाय बेरीज हवामान संस्थांना दिली, तर मॉडेलमधील ‘शेतजमीन’ या एका शब्दाच्या जागी सोयाबीन, कापूस, ऊस आणि पडीक असे खरे चित्र येईल. जलसंपदा विभागाकडे प्रत्येक प्रकल्पाच्या आवर्तनाच्या तारखा आणि सोडलेले पाणी यांची नोंद असतेच. ती संगणकाला वाचता येईल अशा स्वरूपात त्या-त्या आठवड्यात मिळाली, तर सिंचित पट्टा मॉडेलमध्ये योग्य वेळी ओला करता येईल. राहुरी, परभणी, अकोला आणि दापोली येथील कृषी विद्यापीठांच्या वेधशाळांत पाच, दहा आणि वीस सेंटिमीटर खोलीवरचे मातीचे तापमान वाकड्या मानेच्या तापमापकांनी वर्षानुवर्षे मोजले गेले आहे. त्या नोंदवह्यांचे संगणकीकरण करून त्या खुल्या केल्या, तर मॉडेलची जमीन रात्री किती थंड होते आणि दुपारी किती तापते, हे पडताळण्याचा इतका चांगला साठा दुसरीकडे सहजी मिळणार नाही.

यातील बहुतेक माहिती आधीच गोळा होते आहे. अडचण एवढीच आहे की ती महसूल, कृषी, जलसंपदा आणि विद्यापीठे अशा चार ठिकाणी चार वेगवेगळ्या स्वरूपांत पडून असते, आणि हवामान मॉडेल हा आपल्या माहितीचा एक ग्राहक आहे, असे त्यांपैकी कोणीही धरलेले नाही. माझ्या विद्यार्थ्यांना एका कालव्याच्या आवर्तनाच्या तारखा मिळवण्यासाठी महिनोन्‌महिने पत्रव्यवहार करावा लागला, आणि शेवटी हाती आल्या त्या हस्तलिखित वहीच्या छायाप्रती. संशोधनासाठी ते एकवेळ चालेल. रोजच्या अंदाजासाठी ती माहिती रोज आणि आपोआप पोहोचली पाहिजे.

आपल्या दैनिकालाही एक विनंती आहे. हवामानाच्या रोजच्या सदरात पावसाच्या आकड्यांशेजारी आठवड्यातून एकदा जिल्हानिहाय मातीच्या ओलाव्याची स्थिती द्यावी, आणि अंदाज चुकल्याची बातमी करताना संबंधित तज्ज्ञांना आवर्जून विचारावे की त्या दिवशी मॉडेलमध्ये जमीन किती ओली धरली होती आणि प्रत्यक्षात किती होती. हा प्रश्न वारंवार विचारला गेला, तर त्याचे उत्तर देता यावे म्हणून तरी मोजणी सुरू होईल. सुरुवात सगळ्या राज्यात एकदम करण्याचीही गरज नाही. उजनी आणि जायकवाडी या दोन प्रकल्पांची लाभक्षेत्रे घ्यावीत; दोन्हीकडे बागायती पट्टा आणि लगतची कोरडवाहू जमीन स्पष्ट वेगळी आहे, राहुरी व परभणीची विद्यापीठे हाकेच्या अंतरावर आहेत आणि मॉडेल चालवणारे शास्त्रज्ञ पुण्यात आहेत. येत्या उन्हाळी आवर्तनापासून मे अखेरपर्यंतच्या वळवाच्या दिवसांत दोन प्रकारे अंदाज चालवावेत, एकदा नेहमीच्या जमिनीसह आणि एकदा प्रत्यक्ष नोंदलेल्या जमिनीसह, आणि दोन्हींची महावेधच्या नोंदींशी केलेली तुलना खरिपाच्या पेरणीपूर्वी जाहीर करावी.

आपला,
एक निवृत्त मृदाविज्ञान प्राध्यापक, पुणे